दातानं ऐकनारा मानूस

भिवंडीत मानसाला तोंडावरून वळखनारे ढीगभर मिळतील, पन मानसाला आतून वळखनारा एकच झाला, तो माझा चुलतदीर. तोंड त्याच्या ध्यानात ऱ्हायचंच न्हाय. पंधरा-सोळा वरसं आमी कामतघरात एका चाळीत काढली, पन मी पदर जरा पुढं वढून नळावर हुबी असले तर शेजारनं निघून जायचा, वळख न्हाय न् पाळख न्हाय. आन् मी खोकले की मागं फिरायचा, तवा त्याचे कान धड व्हते. "वयनी व्हय! डावं फुफ्फुस अजून मोकळं झालेलं न्हाय." लोक भेटल्यावर इचारतात, बरं हाय ना, जेवलात का. ह्यो इचारायचा, "जठर काय बोलतंय?" माझ्या सासूला ह्याचा लय राग. ती बोलायची, "मेल्या, आदी माझ्या तोंडाकडं तरी बघ." तो बोलायचा, "काकी, तोंडात काय बघायचंय? तोंड खोटं बोलतं. आतलं कुनाचं खोटं बोलत न्हाय."

हे त्याला लागलं कुठनं ते सांगते. आमचं मूळ गाव अंबाडीच्या आत. शेतात पिकायचं ते पोटाला पुरायचं न्हाय, म्हनून पोरगे एकेक करून भायेर पडले. आमचे हे भिवंडीत लूमवर आले, म्हनजे कापडाच्या इजेवरच्या मागावर. ह्यो चुलतदीर त्याच्याआदी दोन वरसं एका मोठ्या दवाखान्यात व्हता, मेलेली मानसं कापून बघतात त्या खोलीत फरशी धुवायला. तिथला डाक्टर म्हातारा, त्याला कापता कापता बोलायची सवय, आन् त्या खोलीत ऐकनारा म्हनजे ह्यो एकटाच. बाकीच्यांचं ऐकून झालेलं. तर त्या डाक्टरनं एक एक वस्तू ह्याच्या हातात देऊन ह्याला शिकवलं. लिवर किती जड, किडनी कशी घेवड्याच्या दान्यासारखी, हार्ट केवढं. हार्ट आपल्या मुठीयेवढं. ज्याची त्याची मूठ. चाळीत नवं पोर जन्माला आलं की बाकीचे नाक-डोळे बघायचे, ह्यो आदी मूठ बघायचा. "केवढीशी मोटर हाय बघा, वयनी, आन् हिला सत्तर वरसं सुट्टी न्हाय. शुक्रवारची पन न्हाय." शुक्रवारी आमच्याकडं लूम बंद असतात, म्हनून तसं बोलायचा.

त्याला अख्खं शरीर म्हनजे कारखानाच दिसायचा. आमी बाया दारात बसून कांड्या भरायचो, धोट्यात सुताची कांडी लागते ती भरायचं काम. ह्यो ड्युटीवरनं आला की आमच्यात येऊन बसायचा आन् लाल-निळं सूत हातात घ्यायचा. लाल म्हनजे हार्टातून निघालेलं चांगलं रगत, ते डोक्यापासनं पायाच्या नखापर्यंत जातं, सगळ्यांना वाटून वाटून मळतं, निळं होऊन माघारी येतं. ते निळं हार्ट ढकलतं फुफ्फुसात. तिथं ते वारं खातं आन् परत लाल होतं. पोटात म्हनजे सुताला खळ शिजवतात तशी भट्टी, पन विस्तव न्हाय, नुसतं आंबट पानी. कमरेच्या वर पाठीला चिकटून दोन गाळन्या, रगत दिवसभर तिथनं गाळून निघतं आन् घान असते ती लघवीनं भायेर. डोक्यात मेन स्विच, तिथनं मनक्यातून तारा खाली. मी एकदा तव्यावर बोट भाजून घेतलं तर मला लेप लावायचा सोडून ह्यो खूश. "वयनी, बघितलं? हात आदी मागं आला, चटका मागनं कळला. मनक्यानं परस्पर हुकूम सोडला. वर शेठला इचारत बसायला येळच न्हाय!" मी बोल्ले, "भावजी, पानी आना आदी."

एकदा तर त्यानं आतडं मोजून दाखवलं. आमच्या दारापासनं नळापर्यंत आन् परत अर्ध्या वाटेपर्यंत सूत वढलं. लहान आतडं येवढं, पुढं मोठं येवढं, आन् हे समदं तुमच्या वीतभर पोटात घडी करून बसलंय. सूतच ते, पांढरं. पन चाळीतली एक बाई त्यावर पाय देईना. हंडे घेऊन येनाऱ्या बाया लुगडं वर धरून वलांडून जायच्या, कुनाच्या तरी आतड्यावर पाय पडेल म्हनून. सासूनं येऊन आरडाओरडा केला, "गुंडाळ ते आदी! कुनाचं वाळत घातलंस?" त्यानं गुंडाळलं, पन दोन दिवस आमी त्या जागी पाय उचलूनच चालत व्हतो. आन् जेवताना सांगायचा ते येगळंच. मानूस मेला तरी पोट लगेच गप बसत न्हाय, त्या थंड खोलीत एकटा फरशी पुसताना मागनं टेबलावर कुनाचं तरी पोट गुरगुरायचं, आन् ह्यो मागं न बघता बोलायचा, "बसा, बसा, आलोच." हे ऐकून आमच्याकडचे पावने भाकरी अर्धी टाकून उठलेले हायत.

कामतघरात आला तो फिटर झाला. चाळीस लूम त्याच्या अंगावर. पाच-सात वरसांत त्या आवाजानं त्याचे कान गेले. तसे तिथं सगळ्यांचेच थोडे थोडे जातात, आमी घरात पन वरडूनच बोलतो. पन ह्याचे पार गेले. समोरचा काय बोल्ला ते ओठांवरनं समजून घ्यायचा, आन् मनात नसलं तर ते पन न्हाय. मंग लूमचं दुखनं वळखायचं कसं? त्यानं लूमचाच एक मोडका दांडा घेतला, हातभर लांब, गुळगुळीत. एक टोक दाताखाली धरायचा, दुसरं टोक लूमला लावायचा. डोळे मिटून हुबा. दातातून त्याला समदं कळायचं, कुठला नट ढिला, कुठलं चाक घासतंय. आन् दातात दांडा म्हनून बोलता यायचं न्हाय, तर हातानं सांगायचा. मूठ उघड-मीट केली की चालू हाय. पंजा आडवा धरला की बंद.

असल्या मानसाच्या हातात असला दांडा आल्यावर तो लूमवर थोडाच थांबनार? त्यानं तो मानसांना लावायला सुरवात केली. आदी हौसेनं लोक छाती पुढं करायचे. मंग नाक्यावरच्या पानवाल्याला लावला. बराच येळ डोळे मिटून ऐकलं, दांडा काढला, पुसला आन् बोल्ला, "शेठ, तुमची मोटर तीन ठोके मारते आन् चौथा खाते. डाक्टरला दाखवा." पानवाला हसला, वर एक पान फुकट दिलं. आठ दिवसांत पानवाला गेला, चुना लावता लावता. त्या दिवसापासनं ह्यो दांडा घेऊन निघाला की रस्ता मोकळा. बाया छातीवर पदर घट्ट धरायच्या. समोरून कारीगर येत असले तर पलीकडच्या गटाराच्या कडंनं जायचे. आन् तेच लोक मागच्या दारानं एकेकटे यायचे, हळूच, "फिटरभाई, जरा सुन के बताओ." त्याच्या मनात काय बी नसायचं हो. नसबंदीचा धाक व्हता त्या साली चाळीतले गडी ऊसातल्या कोल्ह्यासारखे लपलेले, ह्यानं एकेकाला शोधून दोऱ्यावर दाखवलं, येवढीशी नळी कापतात, बाकी कारखाना जसाच्या तसा. एकानं पन ऐकलं न्हाय. उलटं त्यालाच सरकारी मानूस समजले.

शुक्रवारी मात्र तो कुनाशी बोलायचा न्हाय. लूम बंद, चाळ गपगार, आमाला तेवढंच बरं वाटायचं. ह्यो ओट्यावर भिंतीला टेकून बसायचा, हात मांडीखाली दाबून. मी एकदा इचारलं, "भावजी, बरं न्हाय का?" तर बोल्ला, "आज माझं मलाच ऐकू येतं, वयनी. आपलं आपन ऐकू न्हाय. कदी थांबेल ह्याच्यावरच ध्यान जातं."

आता त्याच्या बायकोचं सांगते, म्हनजे पुढचं कळेल. माझी जाऊ ती, गरीब, हसरी. त्यांची खोली शेवटची, त्या खोलीची भिंत आन् कारखान्याची भिंत एकच. ताप आला, चार दिवस अंगात मुरला, पाचव्या दिवशी सकाळी ती गेली. आमी बायांनी वळखलं. पानी तापत ठेवलं, गावाला निरोप धाडला. ह्यो आला, दांडा दातात धरला, तिच्या छातीला लावला. आन् मूठ वर केली. उघडली, मिटली. उघडली, मिटली. सासू बोल्ली, "अरे बाबा, अंग गार पडलं तिचं." तो बोल्ला, "हात गार पडले म्हनून मोटर बंद पडत न्हाय. चालू हाय. तुमी पानी उतरवा." कुनाला हात लावू देईना. दुपार झाली. लोक दारात हुबे. मंग माझ्याकडं बघून बोल्ला, "वयनी, तुमी तरी ऐका." मी आयुष्यात तो दांडा तोंडात धरला नव्हता. धरला. त्याच्या दातांचे खड्डे पडलेले त्यात माझे दात बसले. आन् मी ऐकलं. तिच्या छातीत ठक-ठक, ठक-ठक. माझ्या अंगावर काटा आला तो अजून आठवला की येतो. तिचे डोळे अर्धे उघडे, माशी बसलेली, आन् आत ठक-ठक चाललेलं.

मी दांडा काढायच्या आत लाईट गेली. चाळीस लूम एकदम थांबले. आन् तिच्या छातीतलं पन थांबलं.

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं माझ्या हातातनं दांडा घेतला, परत लावला, लय येळ तसाच वाकून ऱ्हायला. मंग लाईट आली, भिंतीपलीकडं लूम सुरू झाले, आन् तो तसाच वाकलेला असताना त्याचा खांदा हालला. त्याला परत ऐकू आलं व्हतं. भिंतीतून खाटेत, खाटेतून तिच्यात. त्यानं दांडा खाली ठेवला आन् आमाला बोल्ला, "न्या." पुढं कदी तो विषय काढला न्हाय. एकदाच, माझ्याजवळ, कांड्या भरता भरता, "लाईट गेली नसती तर अजून ऐकत बसलो असतो, वयनी." मी कांडी बदलली.

त्याच्यानंतर दोन-तीन वरसांनी, वैशाखात, नळाला गढूळ पानी आलं. माझी मंदा तवा पाच वरसांची. पहाटपासनं उलट्या आन् जुलाब. आमचे हे टेमघरला दुसऱ्या कारखान्यात ड्युटीवर. सकाळी रडत व्हती, मंग रडायची थांबली, मला वाटलं बरं वाटतंय. बारा वाजता बघते तर डोळे खोल गेलेले, व्हट सुकलेले, चामडी चिमटीत धरली तर तशीच वर ऱ्हायली. हाक मारली तर वळखीना. हात-पाय बर्फ. दिराची खोली थंड म्हनून तिला उचलून तिथं त्याच खाटेवर टाकली. सुईन आली, तिनं मनगट धरलं, मंग दुसरं धरलं. तोंडाजवळ बोट नेलं. "नाडी न्हाय गं. श्वास पन लागत न्हाय हाताला. गेली पोर." सासूनं हंबरडा फोडला. मला रडू आलं न्हाय. माझी आदीची दोन गेलेली, मला ठावं व्हतं पुढं काय काय करायचं असतं. मी उठले आन् कोरं फडकं कुठं हाय ते बघायला लागले.

तेवढ्यात कुनीतरी त्याला वढून आनला. तो आला, दांडा दातात धरला, मंदाच्या छातीला लावला. मी मुठीकडं बघत व्हते. मूठ वर आली न्हाय. पंजा पन आडवा झाला न्हाय. त्यानं दांडा काढून खाटेच्या लाकडाला लावला. मंग भिंतीला लावला. मंग परत पोरीला.

"भावजी, काय ते बोला."

"चालू हाय," तो बोल्ला. "पन कुनाचं चालू हाय ते मला सांगता येत न्हाय."

आन् तो उठून गेला. मी मागं धावले. कारखान्यात शिरला तो सरळ मेन स्विचकडं. इदरीसभाई म्हनून आजमगढचा जुना कारीगर व्हता, तो आडवा आला. "अरे फिटरभाई, पागल हुए हो क्या? चालीस लूम चालू है! सेठ खड़े-खड़े निकाल देगा!" ह्याला ऐकू थोडंच येतंय. मी वरडले, "इदरीसभाई, मेरी मंदा!" इदरीसभाईनं माझ्याकडं बघितलं आन् हात खाली घेतला. ह्यानं स्विच वढला.

भर दुपारी असं गपगार मी कदी ऐकलं नव्हतं. लांबचे कारखाने चालू व्हते, पन त्यांचा आवाज कानाला यायचा, दाताला न्हाय. कारीगर कामावरून उठून दारात येऊन हुबे ऱ्हायले, अंगावर रुई, डोळे तेवढे दिसायचे. सासू रडायची थांबली. त्यानं खाट भिंतीपासनं वढली, दांडा दातात धरला, डोळे मिटले. मी त्याच्या हाताकडं बघत व्हते. हात मांडीवर पालथा पडलेला. मला वाटलं हा आता आडवा उठनार. नळाचं पानी ठिबकत व्हतं तेवढं मी मोजलं. मंग हात वर आला, त्याची मूठ झाली, आन् ती उघडमीट करायला लागली. भराभर, येवढी भराभर की बोटं दिसेनात. पाखराचं काळीज असतं तसं.

दांडा थुंकून तो वरडला, "हाय! पळतेय! नळ्या रिकाम्या झाल्यात, वयनी. रगतातलं पानीच गेलं, म्हनून हातापर्यंत पोचत न्हाय. मोटर रिकामी फिरतेय. पानी घाला, पन तोंडानं न्हाय आता, सुईनं!" आन् पोरीला खांद्यावर टाकून तो धावत सुटला, इदरीसभाई रिक्षाला आडवा, आन् मी मागनं, हातात ते कोरं फडकं तसंच.

सरकारी दवाखान्यात डाक्टरला शीर सापडेना. मंग पायाला सापडली. सलाईन लागलं. बाटली संपली, दुसरी लावली. ह्यो खाटेखाली फरशीवर बसलेला. येनाऱ्या-जानाऱ्या नर्सला इचारायचा, "बाई, शू झाली का?" ती वैतागली. "तुमची तब्येत दाखवायचीय का तुमाला?" "माझी न्हाय हो, पोरीची. गाळन्या चालू झाल्या का बघायचंय." संध्याकाळच्याला खाटेखालनं एकदम आरोळी आली. ह्याच्या डोक्यावर ठिबकलं व्हतं. ह्यो उठून हुबा, डोक्यावरनं पोरीचं मूत गळतंय आन् अख्ख्या वॉर्डला सांगतोय, "गाळन्या चालू झाल्या! गाळन्या चालू झाल्या!" तिथली आजारी मानसं पन हसली. मी त्या दिवशी पहिल्यांदा रडले. मंदानं डोळे उघडले आन् बोल्ली, "आये, काका असा का वरडतो?"

शेठनं त्याला काढला. महिनाभर दुसरा फिटर ठेवला, लूम पटापट बंद पडायला लागले, मंग ह्यालाच परत बोलावला. मंदाच्या लग्नात सांगायची गोष्ट झाली ती. पन लग्नाला तो नव्हता.

चार वरसं मिळाली त्याला. आपलं दुखनं त्यानं आपनच सांगितलं, कुनी इचारायच्या आदी. "वयनी, फुफ्फुसाच्या खिडक्या बंद व्हायला लागल्या. रुई बसली आत. निळं रगत वारं शोधतंय, त्याला मिळत न्हाय." हे बी असं सांगायचा जसं दुसऱ्या कुनाचं सांगतोय. नखं दाखवायचा, बघा, निळी पडली, मी सांगत व्हतो ना. शेवटच्या हिवाळ्यात त्याच खोलीत, त्याच खाटेवर. बसून झोपायचा. मी सकाळी पेज घेऊन जायचे. एक दिवशी गेले तर पेज नको बोल्ला, दांड्याकडं बोट केलं. "आज तुमी ऐका, वयनी. मी ऐकून दमलो."

मी दांडा दातात धरला आन् त्याच्या छातीला लावला. दातांचे खड्डे माझ्या वळखीचे. आत ठक-ठक, ठक-ठक. तो माझ्या तोंडाकडं बघत व्हता. पहिल्यांदा, मला वाटतं, त्यानं माझं तोंड नीट बघितलं. मंग त्याची मान भिंतीला टेकली, आन् तो कुठं बघतोय ते मला कळेना. छाती हालत व्हती का न्हाय ते मी बघितलं न्हाय. मी ऐकत ऱ्हायले. ठक-ठक, ठक-ठक, कुठं पन न थांबता.

दारात इदरीसभाई आला. डोक्यावरची टोपी हातात. त्यानं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन् हळूच बोल्ला, "भाभी, लूम बंद कर दूँ?"

दांडा दातात, मला बोलता येईना. मी मूठ वर केली. उघडली, मिटली. उघडली, मिटली.